घंटीच्या बटणाचा कॉम्प्युटर

आमच्या दुकानातला मोठा कॉम्प्युटर दारावरच्या घंटीच्या बटणानं सुरू होतो. डब्याचं मूळ बटण २०१६ च्या पावसाळ्यात आत गेलं ते बाहेर आलंच नाही. ब्रह्मपुरीचा मेकॅनिक म्हणाला, ताई, आता नवीन कॅबिनेटच घ्या. मी समोरच्या दुकानातून वीस रुपयांचं बेलचं बटण आणलं, त्याच्या दोन वायरी मदरबोर्डच्या दोन पिनांना जोडल्या आणि बटण टेबलाच्या कडेला बसवून टाकलं. आईबापासोबत पत्रिका पसंत करायला आलेली पोरं ते हमखास दाबतात आणि घंटी वाजत नाही म्हणून हिरमुसतात. चार सेकंद दाबून धरलं तर माझं अर्ध्या तासाचं काम जातं, हे त्यांना कोण सांगणार. म्हणून हल्ली त्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलेलं असतं.

त्या डब्यात विंडोज एक्सपी आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेली आणि ८ एप्रिल २०१४ ला सपोर्ट संपलेली. हे सांगितलं की शहरातली माणसं आधी हसतात, मग काळजीनं पाहतात. घरी अजून चुलीवर स्वयंपाक होतो म्हटल्यावर पाहतात ना, तशी.

दुकान चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या एका गावात, एसटी थांबते तिथून चार दुकानं सोडून. झाडीपट्टी म्हणतात तो हा मुलूख. दिवाळी झाली की मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, धान घरात आलं की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पटाच्या रात्री नाटक. वडशाच्या कंपन्यांची नाटकं होळीपर्यंत गावोगाव चालतात, रात्री दहाला पडदा वर गेला तर पहाटेच खाली. या सगळ्याची पत्रकं, पोस्टरं, पावती पुस्तकं कुणीतरी करावी लागतात. आमच्या भागात ती बरीचशी मी करते. उन्हाळ्यात लग्नपत्रिका, पावसाळ्यात तेरवीची कार्डं आणि भजनी मंडळाच्या पावत्या. धंदा बाबांचा. त्यांच्याकडे पायानं चालवायची ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र होतं, खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खण होते. २००३ साली त्यांनी सगळे खिळे शिशाच्या भावानं विकले आणि चार वर्षांनी, धानाचे चुकारे आले तेव्हा, नागपूरला बर्डीच्या बाजारात जाऊन हा कॉम्प्युटर जोडून आणला. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क. रॅम नंतर मी दुप्पट केली. बाकी सगळं तेच.

पडद्यावरचं हिरवं टेकाड आणि निळं आभाळ अजून तसंच ठेवलंय. एकदा एक म्हातारबा ते पाहत बसले होते. म्हणाले, "कोनतं शिवार हाये हे जी? धुऱ्याचा पत्ताच नाही." मी सांगितलं, अमेरिकेतलं आहे, कॅलिफोर्नियातलं, १९९६ साली एका माणसानं रस्त्यानं जाताना फोटो काढला. आधी तिथे द्राक्षाचे वेल होते, कीड लागली म्हणून उपटून टाकले होते, आणि मग गवत उगवलं. "म्हंजे पडीत," म्हातारबा म्हणाले. जगातला सगळ्यात जास्त पाहिला गेलेला फोटो म्हणतात त्याला. आमच्याकडे एका शब्दात निकाल लागला.

२०१४ च्या मार्चमध्ये पडद्यावर एक खिडकी यायला लागली की बाबा रे, ८ एप्रिलनंतर तुझं तू पाहा. खाली चौकट होती, पुन्हा दाखवू नका. मी त्यावर बरोबरची खूण केली. एप्रिल म्हणजे लग्नसराई, माझ्या टेबलावर एकोणीस पत्रिका पडल्या होत्या. ८ तारीख कधी गेली कळलं नाही. ९ तारखेला मशीन सुरू झालं, पानं मांडायचा पेजमेकर उघडला, नक्षी-चित्रांचा कोरल उघडला, प्रिंट निघाली.

सपोर्ट हा शब्दच मला तेव्हा नीट कळला नव्हता. मला वाटायचं, बिघडलं तर कंपनी दुरुस्त करून देणार नाही, एवढंच. ती तशीही कधी नागभीडला आली नव्हती! खरा अर्थ भाच्यानं समजावून दिला. तो तेव्हा आठवीत होता. सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडत राहतात, मावशी. आधी कंपनी ती बुजवायची, आता सापडली तरी बुजवणार नाही. मी विचारलं, मग भोकातून येणार कोण? म्हणाला, नेटवरून. त्याच संध्याकाळी मी बीएसएनएलची वायर त्या डब्यातून काढली आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे माझ्याच हातून कधी चुकून पुन्हा लागू नये. ती वायर आजतागायत टेबलामागे लोंबकळते आहे.

आता सगळे विचारतात ते: बाई, बदलत का नाहीस?

डब्याच्या मागे, जिथे पूर्वी प्रिंटरची रुंद वायर लागायची त्या पंचवीस पिनांच्या जागी, काडेपेटीएवढी एक डबी लावलेली आहे. तिला आम्ही लॉक म्हणतो. मराठी फॉन्टचं जे पॅकेज बाबांनी घेतलं, त्याचं कुलूप आणि किल्ली दोन्ही तीच. ती काढली तर पॅकेज उघडतं, पण अक्षर उमटत नाही. हल्लीच्या कॉम्प्युटरला ती भोकंच नसतात. बाजारात यूएसबीला जोडायची वायर मिळते, तीही मी आणली. तिच्यातून जुना प्रिंटर चालला, लॉक काही दिसलं नाही. फॉन्टवाल्यांना फोन केला तर जुन्याचं आता काही होणार नाही, नवीन घ्या, म्हणाले. गेल्या दिवाळीत भाच्यानं (तो आता नागपूरला असतो) त्याच्या लॅपटॉपमध्ये कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर असं काहीतरी करून एक्सपी बसवली. तेच टेकाड, तोच आवाज, सगळं हुबेहूब. फक्त लॉक ओळखेना. दोन रात्री बसला. तिसऱ्या दिवशी मंडईला निघून गेला.

नवीन पॅकेज घेता येईल, न घेण्याएवढी परिस्थिती वाईट नाही. पण नवीन घेतलं म्हणून जुन्या फायली उघडत नाहीत, आणि अडचण इथे आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर. तो येण्याच्या आधीची मराठी म्हणजे एक सोंग होतं. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, फॉन्ट तेवढा त्या अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. कृतीदेव नावाचा तसला फॉन्ट ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे: 'नाटक' लिहायचं तर यू, के, मोठा व्ही, डी. फॉन्ट असला तर नाटक, नसला तर ती चार इंग्रजी अक्षरं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती आधी दिसते. रफार नंतर मारायचा, कारण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. टाइपरायटरची रीत. माझी बोटं त्याच रीतीनं चालतात आणि माझ्या सगळ्या फायली त्याच रीतीच्या आहेत. माझ्या पॅकेजमधले नक्षीचे फॉन्ट तर आणखी वेगळे, त्यांची अक्षरं कुठल्या कळीवर बसवली आहेत ते त्यांनाच ठाऊक.

रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं आहेत. मी तीन वापरून पाहिली. मजकूर येतो, पण जोडाक्षरात गोंधळ घालून. जुन्या सरकारी संकेतस्थळांवर 'कायर्क्रम' असं वाचलंय ना कधी? त्याच पोटातलं पाप. रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो. एका पत्रिकेत नवरीची निर्मला 'निमर्ला' झाली. शुभकार्याच्या कागदावर असं छापून गेलं असतं तर तिच्या मामानं मला दुकानातून उठवलं असतं. म्हणून रूपांतर केलेली प्रत्येक ओळ मूळ प्रिंटशी ताडून पाहावी लागते, आणि ती मूळ प्रिंट काढायला पुन्हा हाच डबा.

माझ्याकडे २००७ पासूनच्या दोन हजार तीनशेच्या वर फायली आहेत. युनिकोडमध्ये आणून झाल्या चारशे बारा. सवड मिळेल तशा करते. सवड म्हणजे पावसाळ्यातली दुपार.

कुणी म्हणेल, जुन्या पत्रिका हव्यात कशाला? ज्याचं लग्न झालं त्याचं झालं. तर ऐका. लग्नाच्या नोंदणीला लग्नपत्रिका मागतात. आमच्याकडे पुष्कळ जोडप्यांनी लग्नाच्या वेळी नोंद केलेली नसते. मग पासपोर्ट, नोकरी, नाहीतर नवरा गेल्यावर पेन्शन, असं काही आलं की दहा-बारा वर्षांनी पळापळ सुरू होते. पत्रिका वाळवीनं खाल्लेली असते. मागच्या जूनमध्ये सिंदेवाहीकडची एक बाई आली, लग्न २०१० चं. तिला गाव, तिथी आणि पत्रिकेवर मोर होता एवढंच आठवत होतं. मोरांच्या फायली एकशे चाळीस. पण वर्षांचे फोल्डर आहेत, त्यामुळे वीस मिनिटांत सापडली. तिनं पडद्यावर स्वतःचं नाव वाचलं, मग सासऱ्याचं, मग 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' खालची भाच्यांची नावं. त्यातला एक आता नाही, म्हणाली. मी दोन प्रती काढून दिल्या, पैसे चाळीस. (लग्नाची तारीख बदलून पत्रिका काढा म्हणणारेही येतात. त्यांना मी हात जोडते.)

आणि नाटकवाल्यांचं काय सांगू. मंडळाचा माणूस दरवर्षी एकच वाक्य बोलतो: मांगच्या सालचंच काढा जी, तारीख तेवढी बदला. माझा अर्धा धंदा या एका वाक्यावर चालतो.

एक्सपी नेटशिवाय सुरक्षित आहे असं मात्र कुणी समजू नका. माझा एक डाव होऊन गेलाय, आणि तो सपोर्ट चालू असतानाचा. २०११ ची गोष्ट. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका कुणीतरी पेनड्राइव्हवर आणली. तेव्हा पेनड्राइव्ह लावला की त्यातलं आपोआप सुरू व्हायचं. संध्याकाळपर्यंत माझा प्रत्येक फोल्डर शॉर्टकट झाला होता, आतलं सगळं गायब. खरं तर लपवलेलं होतं, पण ते कळायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. तेव्हापासून त्या डब्याला फक्त एक लाल पेनड्राइव्ह लागतो. तो जाताना भरलेला जातो, येताना रिकामा करून येतो. गिऱ्हाईकाचं काही असेल तर आधी लॅपटॉपवर, तिथे तपासून मगच पुढे. फोटो असेल तर बहुतेक वेळा मी तो छापून पुन्हा स्कॅन करते. भाचा याला वेडेपणा म्हणतो.

२०१७ च्या मे महिन्यात ते वानाक्राय आलं, नेटवर्कच्या वाटेनं आपणहून पसरणारं, फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारं. भाच्याचा फोन: मावशी, कंपनीनं एक्सपीसाठीपण दुरुस्ती सोडली आहे, सपोर्ट संपून तीन वर्षं झाली तरी. घेऊन येऊ? मी म्हटलं, ज्या दारातून चोर यायचा ते दारच मी लिंपून टाकलंय. पुढे त्यानंच सांगितलं की त्या वेळी सापडलेली बहुतेक मशिनं एक्सपीची नव्हती, विंडोज सेव्हनची होती. सेव्हनला तर सपोर्ट होता, दुरुस्तीही मार्चमध्येच आलेली होती. लोकांनी ती घातलीच नव्हती.

मला खरी भीती वाटते ती लोखंडाची. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर कॉम्प्युटरकडे तोंड करून आणि मी त्याच्या मागे, अशी बसते. २०१९ च्या उन्हाळ्यात मदरबोर्डवरचे तीन कॅपॅसिटर फुगले. मेकॅनिकनं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून काढून नवीन डकवले. एकदा पॉवर सप्लायमध्ये पाल. त्याच जातीचा एक जुना बोर्ड मी बर्डीहून भंगारातून आणून ठेवलाय. हार्ड डिस्कच्या दोन हुबेहूब प्रती आहेत. एक दुकानात, एक घरी ट्रंकेत, आईच्या लुगड्यांखाली. लॉकची मात्र प्रत निघत नाही. ती काडेपेटी ज्या दिवशी जाईल त्या दिवशी माझ्या एक्सपीचा सपोर्ट संपला.

आता यातली गंमत बघा. ऑनलाइन कामांसाठी, फॉर्म, सातबारा, परीक्षांचे अर्ज, मी २०१६ मध्ये लॅपटॉप घेतला. विंडोज टेन. माझ्या लेखी तो नवाकोरा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचाही सपोर्ट संपला. इलेव्हन चढवायला गेले तर चालणार नाही म्हणून सांगितलं. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सुरक्षेची टीपीएम नावाची चीपही हवी तशी नाही. लॅपटॉप धडधाकट आहे. बॅटरी सोडली तर कशाची तक्रार नाही.

ओळखीचे म्हणाले, तू तर सपोर्ट संपल्यावरही एक्सपी जवळपास बारा वर्षं चालवलीस, मग टेनचं काय घेऊन बसलीस? ही तुलनाच चूक आहे. एक्सपी घरकोंबडी आहे, दुकानाचा उंबरा ओलांडत नाही. लॅपटॉप गावभवानी. दिवसभर नेटवर, गावातल्या लोकांचे आधार, बँकेचे नंबर, पोरांच्या मार्कशीट त्याच्यात. माझ्या फायली बुडाल्या तर मी बुडेन. त्याच्यातलं बाहेर गेलं तर दुसऱ्याच्या खात्यातले पैसे जातील. तिथे मी जिद्द करणार नाही. भाच्यानं एक वर्षाची वाढीव मुदत घेऊन दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालू म्हणतो. घालू दे. पण अंगठ्याचं मशीन त्याच्यावर चालतं का ते आधी दाखव, असं मी सांगून ठेवलंय. नाहीच जमलं तर नवीन घेईन, हप्त्यानं.

परवाची हकिगत सांगते आणि थांबते, दुकान उघडायचंय.

एक्सपीच्या बोर्डवरचा गोल सेल पुन्हा मेलाय. लाइन गेली की मशीन सगळं विसरतं, सुरू करताना एफ वन दाबा म्हणतं, आणि घड्याळ १ जानेवारी २००२ वर जाऊन बसतं. मी रोज सकाळी तारीख लावते. सेल आणायला ब्रह्मपुरीला जायचं होतं, राहून गेलं. परवा दुपारी लाइन गेली, तासाभरानं आली. तेवढ्यात शेजारच्या गावचे मंडळाचे दोघं आले. पट आहे, रात्री नाटक आहे.

"मांगच्या सालचंच काढा जी."

"तारीख?"

"दहा जानेवारी. आनि अध्यक्षाचं नाव थोडं मोठं करा. मांगच्या बारीनं लय बोलले ते."

काढलं. अध्यक्ष मोठे केले, उपाध्यक्ष रागावू नयेत म्हणून त्यांनाही थोडं वाढवलं. स्त्री कलाकारांची नावं नवी टाकली. वार विचारला तर दोघंही एकमेकांकडे पाहायला लागले, म्हणून मी खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली, जानेवारीचं पान उघडलं, दहा तारखेवर बोट ठेवलं आणि टाइप केलं, गुरुवार. त्यांनी वाचून पाहिलं, बरोबर म्हणाले. सगळं कर्व्ह केलं, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकली, आता कुठल्याही मशीनवर फॉन्टशिवाय उघडेल आणि कुणाला एक कानाही बदलता येणार नाही. लाल पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून ऑफसेटवाल्याला. दोन हजार प्रती.

रात्री जेवताना समोर भिंतीवर कालनिर्णय होतं. दहा तारखेच्या चौकोनाकडे सहज लक्ष गेलं. शनिवार.

हात तसेच खरकटे ठेवून ऑफसेटवाल्याला फोन लावला. प्लेट झाली होती, छपाई लागायची होती. मग टॉर्च घेऊन दुकानात गेले, शटर अर्धं वर केलं, बाटलीचं झाकण काढलं आणि बटण दाबलं. एफ वन दाबा म्हणालं.